प्लेअर बदलला की आवाज खरंच बदलतो का?

मिरजेचे माझे मामा रोज पहाटे साडेपाचला चालायला बाहेर पडतात आणि त्यांना चालताना गाणं लागतंच. इतके दिवस फोनवर ऐकायचे, पण तोडी रंगात आलेली असताना मध्येच कुणाच्यातरी गुड मॉर्निंगचं टुंग वाजायचं, शेवटी वैतागून त्यांनी मला फोन केला, "अगं, फक्त गाणी वाजवणारं एखादं छोटं यंत्र बघ, पैशाचं बघू, पण आवाज चांगला पाहिजे."

मी बघायला बसले तर दोन-अडीच हजारांपासून थेट लाखांच्या घरात जाणारे प्लेअर. सोनी अजून वॉकमन याच नावाने विकतंय (पहिला कॅसेटवाला जपानमध्ये १९७९ च्या जुलैमध्ये आला होता, आताच्या बऱ्याचशांत अँड्रॉइड असतं), चिनी फिओ, हायबी, शानलिंग आहेत, कोरियाची ॲस्टेल अँड कर्न आहे. ॲपलने मात्र आयपॉड २०२२ मध्ये बंद केला. आणि प्रत्येकाच्या माहितीत ३२ बिट, ३८४ किलोहर्ट्झ, ड्युअल डॅक असले शब्द, ज्यातून मामांच्या कानाला काय फरक पडणार ते अजिबात कळत नाही. मला हा विषय आवडतो म्हणून मी खोलात गेले, आणि गणपतीत मिरजेला गेले तेव्हा दोन प्लेअर घेऊन मामांसोबत तीन संध्याकाळी बसून नीट तुलना केली, ते सगळं इथे लिहितेय.

आधी आत काय चालतं ते बघू. मेमरी कार्डावर गाणं म्हणजे नुसते आकडे असतात. प्लेअर ते आकडे उलगडतो, मग डॅक नावाची चिप त्या आकड्यांपासून विजेची लहर तयार करते, मग छोटा ॲम्प्लिफायर त्या लहरीला जोर देतो आणि मग इयरफोनचा पडदा हलतो. या साखळीत सगळ्यात कच्चा दुवा शेवटचा असतो, कारण विजेची लहर अचूक बनवणं आता खूप स्वस्त झालंय पण एक पातळ पडदा २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंत सारखा हलवणं आणि तो आवाज प्रत्येकाच्या वेगळ्या आकाराच्या कानात नीट पोचवणं हे अजूनही अवघड आहे. बऱ्या डॅक चिपमध्ये वेगवेगळ्या सुरांच्या पातळीतला फरक एक डेसिबलच्या दहाव्या भागाइतका असतो, इयरफोनमध्ये तोच फरक सहज पाच-दहा डेसिबल निघतो. म्हणून पैसे आधी इयरफोनवर.

तिथेसुद्धा महाग म्हणजे चांगला असं नाहीये बरं का. २०१७ मध्ये ब्रेबार्ट नावाच्या संशोधकाने २८३ हेडफोन-इयरफोनची मोजमापं आणि किमती शेजारी ठेवून बघितल्या, तर कुठला सूर किती मोठा वाजतो याचा आणि किमतीचा काही संबंधच सापडला नाही. आत्ता दोन हजारांच्या आसपास चिनी इयरफोन मिळतात ते मोजमापात आणि ऐकण्यात खरोखर उत्तम आहेत, दहा वर्षांपूर्वी या पैशात असं काही मिळत नव्हतं.

आणि इयरफोनपेक्षाही आधी त्याचं रबर. कानात नीट बसलं नाही, फट राहिली की बास गायब, तबल्याचा डग्गा टिनाच्या डब्यासारखा वाजतो आणि आपण प्लेअरला नावं ठेवतो. डब्यात तीन मापांची रबरं येतात ती लोक तशीच टाकून देतात, तसं करू नका, तिन्ही लावून बघा, दोन कानांना दोन वेगळी मापंसुद्धा लागतात. मामींना डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधलं लागलं.

आता फाइलचं. सीडी १९८२ मध्ये आली तेव्हा ठरलं की एका सेकंदाला ४४,१०० वेळा मोजायचं आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहायचं. हे आकडे कुणी उगाच नाही निवडले. जितक्या वेळा मोजाल त्याच्या निम्म्या फ्रिक्वेन्सीपर्यंतचा आवाज पूर्ण परत मिळतो, म्हणजे २२,०५० हर्ट्झपर्यंत, आणि तरुण माणसाचा कान फारतर २०,००० पर्यंत ऐकतो, वयाबरोबर ते कमी होत जातं. आणि १६ बिट म्हणजे सगळ्यात बारीक आणि सगळ्यात मोठ्या आवाजात साधारण ९६ डेसिबलचं अंतर. आता मामांचा खजिना म्हणजे काय, तर उरुसातल्या संगीतसभेच्या वगैरे कॅसेटींवरून कॉम्प्युटरवर घेतलेल्या बैठका आणि जुनं नाट्यसंगीत. कॅसेटवर हे अंतर पन्नास-साठ डेसिबलच असतं, त्याखाली टेपची स्वतःची सूं. आणि १९२५ च्या आधी भोंग्यात तोंड घालून गायलेल्या तबकड्यांवर तर पाचेक हजार हर्ट्झच्या वर जवळपास काहीच उतरलेलं नसतं. अशी रेकॉर्डिंग १९२ किलोहर्ट्झची फाइल करून ठेवली तर कार्ड भरेल, गाणं तेवढंच राहील.

फ्लॅक आणि एमपीथ्री या दोन प्रकारच्या फाइलींमध्ये मात्र लोकांचा फार गोंधळ होतो. फ्लॅक म्हणजे पैठणीची घडी. कपाटात कमी जागा घेते, उघडली की काठपदरासकट जशीच्या तशी. एमपीथ्री म्हणजे तिच्यातला निऱ्यांत दडून जाणारा, कुणाला दिसणार नाही असा भाग कापून ठेवणं. ते कापणं हुशारीने केलेलं असतं, मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज कानाला ऐकूच येत नाही या गोष्टीवर ते सगळं उभं आहे, जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेत त्यावर कित्येक वर्षं काम झालं. सीडीचा मूळ डेटा सेकंदाला १,४११ किलोबिट, फ्लॅक त्याला साधारण निम्म्या ते पाऊणपर्यंत आणतो, एमपीथ्री ३२० किंवा १२८ वर आणतो. ३२० ला कापलेलं सापडणं फार अवघड. १२८ ला कुठे सापडतं माहितेय का, घुंगरू, टाळ, झांजा, टाळ्यांचा कडकडाट. टाळाचा ठोका एकदम उठतो आणि एमपीथ्री आवाजाचे छोटे तुकडे करून कापतो, त्यामुळे ठोक्याची धूळ ठोक्याच्या आधीच थोडी उडते, टोक बोथट होतं. भजनाच्या रेकॉर्डिंगमधला टाळ ऐका, नुसता कणखर ट्ण न येता छस्स असं काहीतरी येतं. संथ आलापात हे अजिबात कळत नाही.

मग तुलना कशी करायची? इथेच बहुतेक जण फसतात, आणि त्यात त्यांची काही चूक नसते.

आपल्याकडे आवाज हा शब्दच दोन्हींसाठी आहे, आवाज मोठा आणि आवाज चांगला, आणि कानसुद्धा तसाच वागतो. बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच दाखवलं होतं की हळू आवाजात कानाला बास कमी ऐकू येतो आणि मोठा केला की तो भरून येतो. म्हणजे तेच गाणं थोडं मोठं लावलं की जास्त भरीव, जास्त मोकळं वाटतं. गंमत म्हणजे फरक एक डेसिबलपेक्षा कमी असला तर तो "मोठा" म्हणून कळत नाही, "चांगला" म्हणून कळतो. पुण्यात एका दुकानात मला दोन प्लेअर शेजारी लावून ऐकवले, महागडा खरोखर छान वाटला, नंतर बघितलं तर त्याचा व्हॉल्यूम चांगलाच वर होता. मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, दोन यंत्रांचा ५० हा आकडा सारखा नसतोच मुळी, पण घेणाऱ्याचे हजारो रुपये तिथेच जातात.

म्हणून मिरजेला मी मल्टिमीटर घेऊन गेले. दोन-तीनशेवाला चालत नाही, त्यात एसीची सगळ्यात खालची रेंज २०० व्होल्ट असते, मिलिव्होल्ट दाखवणारा पाहिजे. ३०० हर्ट्झच्या सरळ सुराची फाइल दोन्ही प्लेअरमध्ये टाकायची (साधे मीटर ४०० हर्ट्झच्या वर भरवशाचे राहत नाहीत म्हणून ३००), इयरफोन जोडलेलाच ठेवून एका स्प्लिटरमधून (एका जॅकचे दोन करणारा जोड) व्होल्टेज मोजायचं आणि दोन्हीकडे सारखं करायचं. व्होल्टेजमध्ये एक टक्का फरक म्हणजे डेसिबलचा दहावा भाग, तेवढं जमलं तर उत्तम. पण एक जपा, दोन प्लेअर एकाच वेळी एका स्प्लिटरला जोडू नका, एकाचं आउटपुट दुसऱ्यात घुसतं.

पहिल्या संध्याकाळी मी मुद्दाम काही न मोजता मामांना दोन्ही दिले. मामांचा कान साधा नाही हे आधी सांगते. मिरजेत तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत लहानपण गेलंय, घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली सूत जरासं सरकवलं की जवारी (तारेचा तो गुंजणारा झणकार) उघडते का बंद होते हे ते पाठमोरे बसून सांगतात. त्यांनी पाच मिनिटांत निर्णय दिला, "हा दुसरा. यात जवारी खुली आहे, त्यात जरा दबलेली आहे." मोजलं तर दुसऱ्याचं व्होल्टेज वीस टक्क्यांनी जास्त होतं, म्हणजे दीड डेसिबल.

दुसऱ्या दिवशी व्होल्टेज सारखं केलं, माझ्या मामेभावाला पडद्यामागे बसवलं, त्याने नाणं उडवून ठरवायचं कुठला प्लेअर लावायचा, मामांना फक्त इयरफोनची वायर. आधी अ ऐकायचा, मग ब, मग क्ष, आणि सांगायचं क्ष म्हणजे अ का ब. याला एबीएक्स म्हणतात. सोळा वेळा केलं. सोळापैकी बारा बरोबर आले तर म्हणता येतं की फरक बहुधा ऐकू येतोय, कारण नुसत्या अंदाजाने बारा किंवा जास्त येण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते. मामांचे नऊ आले. मामा थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "काल मला जवारी खरंच उघडी ऐकू आली होती गं." आणि ते खरंच होतं! दीड डेसिबल जास्त असताना वरचे हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणारे बारीक उंच सूर, जास्त ऐकू येतातच, त्यांचा कान बरोबर होता, फक्त कारण प्लेअर नव्हतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण अशा चाचणीनंतर लोकांना वाटतं आपल्याला खोटं पाडलं.

तिसऱ्या दिवशी तसंच फाइलींचं केलं, कॉम्प्युटरवर, फूबार २००० नावाच्या फुकट प्रोग्रॅममध्ये एबीएक्सची सोय आहे, आवाजाची पातळीही तो सारखी करून घेतो. १२८ ची एमपीथ्री आणि फ्लॅक, टाळाचं भजन, मामांनी सोळापैकी पंधरा ओळखले. ३२० ला आठ. म्हणजे जिथे फरक आहे तिथे या पद्धतीने तो बरोबर सापडतो, पद्धत आंधळी नाही. हाय-रेझबद्दलही (म्हणजे सीडीपेक्षा जास्त बारकाईने मोजलेलं रेकॉर्डिंग) असे प्रयोग झालेत, २००७ मध्ये मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझ डिस्क सरळ आणि तोच आवाज सीडीच्या दर्जातून गाळून असं ऐकवलं, ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. २०१६ मध्ये लंडनच्या रीस यांनी अठरा प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा ५२.३ टक्के आले, म्हणजे अगदी किंचित फरक काहींना कळत असेल, पण चालताना रस्त्यावर? मी त्यासाठी एक रुपया जास्त देणार नाही.

याचा अर्थ सगळे प्लेअर सारखे असा काढू नका, खरे फरक तीन ठिकाणी असतात.

पहिला, जोर. ३२ ओहमचा इयरफोन (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप), एक मिलिवॉटला १०० डेसिबल देणारा, त्याच्यातून ११० डेसिबलचा क्षणिक कडकडाट काढायला अर्ध्या व्होल्टच्या थोडं वर लागतं, ते जवळपास सगळेच देतात. तोच ३०० ओहमचा मोठा हेडफोन असेल तर पावणेदोन व्होल्ट लागतात, तिथे छोटा प्लेअर दमतो. दुसरा, सूं. खूप संवेदनशील इयरफोन लावला की काही प्लेअरमध्ये गाणं सुरू नसताना बारीक सूं येते, हे रात्री शांत खोलीत तपासा, दुकानात कळणार नाही.

तिसरा जरा समजून घ्यावा लागेल, आउटपुट इम्पिडन्स. जुन्या बिल्डिंगमध्ये पाण्याचा पाइप बारीक असला की खालच्या मजल्यावर मोठा नळ सोडला की वरची धार कमी होते, पाइप जाड असला की कुणी कितीही नळ सोडा. प्लेअरचा आउटपुट इम्पिडन्स म्हणजे तो पाइप किती बारीक आहे ते. एका इयरफोनमध्ये चार-पाच छोटे ड्रायव्हर (आवाज काढणारे सुटे भाग) असतील तर त्याचा रेझिस्टन्स प्रत्येक सुराला वेगळा असतो, समजा कुठे ८ ओहम आणि कुठे ४०. प्लेअरचे स्वतःचे १० ओहम असतील तर या दोन सुरांच्या पातळीत पाच डेसिबलचा फरक पडतो, जो इयरफोन बनवणाऱ्याने ठेवलेलाच नव्हता. प्लेअरचा १ ओहम असेल तर तोच फरक डेसिबलपेक्षा कमी. म्हणून दोन माणसं एकाच इयरफोनबद्दल वेगवेगळं बोलतात आणि दोघंही खरं बोलत असतात. माहितीत हा आकडा शोधा, दोन ओहमच्या आत असेल तर डोळे झाकून घ्या. एकच ड्रायव्हर असलेल्या साध्या इयरफोनला याचा फारसा त्रास होत नाही.

ब्लूटूथवर ऐकणार असाल तर हे सगळं विसरा, कारण मग डॅक आणि ॲम्प इयरफोनच्या आतच असतात, प्लेअर फक्त आकडे पाठवतो, तेही परत दाबून. दाबायची साधी पद्धत एसबीसी, ती साधारण ३२८ किलोबिटपर्यंत जाते, सोनीची एलडॅक ९९० पर्यंत. आणि ज्यांना फोनवर ऐकायला काही हरकत नाही त्यांनी वेगळा प्लेअर घेऊच नये असं मी सांगते, फोनला जॅक नसेल तर ॲपलचा टाइप-सी वाला छोटा डॉंगल मोजमापात कितीतरी महागड्या यंत्रांच्या बरोबरीचा आहे, फक्त बऱ्याच अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज मुद्दलातच कमी येतो, ते आधी लावून बघा.

मग मामांसाठी निवडताना मी आवाज बाजूला ठेवला, कारण दोन्ही प्लेअर तिन्ही परीक्षांत पास होते. बघितलं काय, तर खिशात न बघता दाबता येणारी बटणं आहेत का, कारण पहाटे अंधारात टचस्क्रीन काय कामाचा. एक तासाचा राग मध्येच बंद केला तर दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू होतो का. सीडीवर आलाप आणि बंदिश वेगळ्या ट्रॅकवर पण सलग असतात, तर मध्ये टक् करून गॅप पडतो का. आणि आपल्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट, मराठी नावं नीट दिसतात का! कितीतरी स्वस्त प्लेअरवर देवनागरीचे नुसते चौकोन येतात, काहींवर अक्षरं येतात पण पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते आणि जोडाक्षरं फुटतात, "मिश्र" वाचताच येत नाही. घेण्याआधी दुकानात आपलं कार्ड टाकून हे बघाच. एका प्लेअरवर मामांची सगळी नावं चौकोन झाली, तो तिथेच बाद. मेमरी कार्ड बिलासकट घ्या, खोटी कार्डं फार आहेत, वर २५६ लिहिलेलं आणि आत ३२, भरत जाता आणि जुनी गाणी पुसली जातात.

कानात घट्ट बसणारा इयरफोन मामांना चालताना नको झाला, मागून येणारी गाडी ऐकू येत नाही, ते बरोबरच आहे. त्यासाठी कॉस कंपनीचा पोर्टा प्रो हेडफोन घेतला, १९८४ पासून तोच येतोय, कानावर नुसता टेकतो, बाहेरचं ऐकू येतं, ६० ओहमचा आहे पण छोटा प्लेअरही त्याला सहज पुरतो. घरी बसून ऐकायला दोन हजारांचा इयरफोन. प्लेअरला साडेपाच हजार गेले. आणि प्लेअरमध्ये जास्तीत जास्त व्हॉल्यूमला मर्यादा घालता येते ती घालून दिली, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं पण ९० झालं की फक्त ४ तास, आणि रस्त्याच्या गोंगाटात हात आपोआप वर जातो.

राहिल्या कॅसेटी. त्यातल्या बऱ्याचशा मामांनी पाच-सहा वर्षांपूर्वी कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या आणि त्यातला तंबोरा खरंच दबलेला होता, तो कुठल्याही प्लेअरवर दबलेलाच राहणार. डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, टेपला अगदी काटकोनात नसलं की वरचे सूर मरतात, हेडच्या शेजारी एक छोटा स्क्रू असतो तो त्यासाठीच. शेवटच्या दिवशी झाकण काढून, टेप चालू ठेवून, मी तो केसभर केसभर फिरवत गेले आणि मामा डोळे मिटून ऐकत बसले. पाव फेरासुद्धा झाला नसेल, त्यांनी हात वर केला, "थांब, लागली." यावेळी व्हॉल्यूमला कुणी हात लावला नव्हता. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असते त्यामुळे प्रत्येकीला हे पुन्हा करावं लागतं, मामांकडे एकशेचाळीस आहेत, आत्तापर्यंत बावीस झाल्यात.